उजवीकडचा सायलेन्सर

माझ्या येझदीला दोन सायलेन्सर आहेत. डावीकडचा कंपनीचा, मैसूरच्या कारखान्यातून गाडीबरोबर आलेला. उजवीकडचा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात हातानं बनवलेला. लांबून फरक कळत नाही. जवळ गेलात तर दिसेल की उजवीकडच्याला क्रोमची चकाकी नाही आणि चाकाच्या अंगानं वेल्डिंगची एक बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली आहे. ती रेघ मी मारली. ती सरळ आहे याचं श्रेय अण्णांचं.

अण्णा पत्रेवाले. त्यांनी माझ्याकडून पत्र्याचे आणि गॅसचे पैसे तेवढे घेतले. मजुरी घेतली नाही, आणि शिकवण्याचे काय द्यायचे असं विचारलं तर ते माझ्याकडे पाठ करून भट्टीकडे गेले. ते माझ्या नात्यातले नाहीत, गावचे नाहीत, शेजारचेही नव्हते. तरी ज्यांचं देणं माझ्याकडे राहून गेलं अशा माणसांची मोजदाद करायला बसलो, तर आईबाबांच्या पाठोपाठ अण्णाच येतात.

गाडी बाबांची. १९८५ साली घेतलेली. कोलशेतच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ते शिफ्टला होते आणि आम्ही ठाण्यात चरईला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या वेळचा घोडबंदर रोड आज सांगून पटत नाही. कापूरबावडी मागे पडली की दोन्ही बाजूंना झाडं, कासारवडवली-ओवळ्याकडे भाताची खाचरं, डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजवीकडे झाडांच्या फटींतून मधूनच दिसणारी खाडी आणि समोरून येणारे रेतीचे ट्रक. रविवारी बाबा मला पुढे टाकीवर बसवून गायमुखपर्यंत नेत. येझदीची किक आत वळवली की तोच गिअरचा दांडा होतो. किक मारून झाल्यावर बाबा ती पायानं आत ढकलत, खट् असा आवाज येई आणि पहिला गिअर पडे. त्या वयात मला जगातलं सगळ्यात मोठं कौशल्य तेच वाटायचं.

पुढे कारखाना बंद पडला, हातात आलेल्या पैशांत वाघबीळला फ्लॅट घेतला आणि बाबांचा घोडबंदर रोड खिडकीत आला. त्यांचं शेवटचं वर्ष त्या खिडकीशी गेलं. हृदय पंचवीस-तीस टक्क्यांवर काम करत होतं. झोप लागायला मध्यरात्र व्हायची. आणि मध्यरात्रीनंतर, ट्रकांची रांग जरा पातळ झाली की, जाळी काढलेल्या सायलेन्सरच्या गाड्या निघायच्या. माजिवड्याच्या पुलाकडून येणारा तो फटफटाट सर्व्हिस रोडवरच्या इमारतींच्या भिंतींवर आपटत आमच्या मजल्यापर्यंत चढायचा. बाबा दचकून उठून बसायचे. छातीवर हात ठेवून, श्वास जागेवर येईपर्यंत तसेच बसून राहायचे. मग मला म्हणायचे, "गाडी चांगली आहे रे, तिला उघडी का केली असेल?" आजारी माणूस, पण चिंता त्या पोराच्या गाडीची.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांनी घातलेली मर्यादा. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते, त्यामुळे ४५ आणि समजा ७५ यांत अंतर तीस नाही, हजारपटींचं आहे. हे गणित मी त्या रात्रींमध्ये शिकलो.

बाबा गेल्यावर गाडी खाली उघड्या पार्किंगमध्ये उभी राहिली. दोन पावसाळे गेले. उजवी बाजू पावसाच्या तोंडाला होती. गाडी सुरू करायचं मनात आलं तेव्हा उजव्या सायलेन्सरला हात लावला तर खालचा पत्रा बोटाखाली चुरला. मोटारसायकलचा सायलेन्सर बाहेरून गंजतो त्यापेक्षा आतून जास्त गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांब पल्ल्याला ती वाफ उडून जाते. जवळच्या जवळ फिरवून गाडी बंद केली की ती आतच थंड होते, पाणी होऊन तळाला बसते आणि काजळीतल्या आम्लाबरोबर पत्रा खात राहते.

राबोडीतल्या गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "ओरिजिनल भूल जाओ. डुप्लिकेट लगा दो, या फिर खुल्ला पाइप मार दो, मस्त फायरिंग देगा." त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा परवाना घेऊन १९६१ पासून मैसूरला या गाड्या बनवणारी आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आलं, पण ते नव्या चार-स्ट्रोक गाड्यांवर. जुन्या टू-स्ट्रोकचा सुटा भाग मिळवायचा तर कुर्ल्याचं भंगार उपसायचं किंवा नकली माल घ्यायचा. नकली सायलेन्सर बाहेरून हुबेहूब असतो आणि आतून नुसती नळी. खुल्ला पाइप या गाडीला मी लावणं शक्यच नव्हतं. ते सगळं त्याला सांगत बसलो नाही. नाही एवढंच म्हणालो. तेव्हा तोच म्हणाला, वागळेला एक पत्रेवाले अण्णा आहेत, जनरेटरचे सायलेन्सर बनवतात, त्यांना दाखवा.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली सुरू झालं, आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेटचं नाव पहिलं घेतलं जातं. मी गेलो तेव्हा तिथले अर्धेअधिक कारखाने जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्यांतल्या एका शेडच्या मागच्या अंगाला अण्णांचा गाळा. साताऱ्याकडचे, साठी ओलांडलेले, अंगात खाकी हाफपँट आणि बनियन. एका कोपऱ्यात हॉटेलच्या स्वयंपाकघराचं धुराडं अर्धवट झालेलं, दुसरीकडे माणूस आत झोपू शकेल असा जनरेटरचा सायलेन्सर. मी बोलायला लागलो तसं त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

"हिकडनं बोल. डाव्या कानाला पत्र्यानं खाल्लंय."

चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. पत्रा ठोकण्याच्या जागी ती पाळली जाते की नाही हे पाहायला कोणी येत नव्हतं आणि कानात घालायला बोळेही कोणी दिले नव्हते. त्या माणसानं त्यातली शेवटची पंधरा-वीस वर्षं जनरेटर गप्प करण्याच्या कामात घालवली. एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये असा नियम २००५ पासून नव्या जनरेटरना लागू झाला. त्याच्याही आधीपासून अण्णा दवाखान्यांसाठी, मंगल कार्यालयांसाठी सायलेन्सर करत होते. मी त्यांना गाडीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आवाज काय, कुणीबी काढतंय. गप करायला डोस्कं लागतं. डावा सायलेन्सर काढून आण. आन् मी करून देनार न्हाई. तू करायचा. मी बसतो हितं."

माझं पोट संगणकावर चालतं. आयुष्यात कधी पत्र्याची कात्री हातात धरली नव्हती. त्यांनी माझ्यातलं काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. पुढचे कितीतरी रविवार मी त्या गाळ्यात होतो.

पहिला रविवार नुसता काजळीचा. डावा सायलेन्सर नमुना म्हणून वापरायचा तर तो आधी आतून दिसायला हवा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याचं कीट आत डांबरासारखं चढतं. मागच्या टोकाचा बोल्ट काढला की आतली जाळी ओढून बाहेर काढता येते. आमची जाळी हलेना. अण्णांनी टोक भट्टीत धरायला लावलं. धूर आला, मग आतून ज्वाळा आली, आणि कीट स्वतःच पेटून जळत गेलं. थंड झाल्यावर लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच आपटलं तर काळे पापुद्रे गळून पडले आणि जाळी सुटली. उरलेलं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं तर प्रत्येक भोक मोकळं.

मग अण्णांनी मला बसवून ते सायलेन्सरचं पोट समजावलं. त्यांची भाषा वेगळी होती, मी पुढे वाचून घेतलं ते वेगळ्या भाषेत होतं, पण गोष्ट एकच. येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नाहीत. पिस्टनच वरखाली होताना भोकं उघडतो आणि झाकतो. जळालेला वायू बाहेर निघालेला असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं थोडं त्या वायूच्या मागोमाग बाहेर पळतं. त्याला परत आत लोटणं हे पाइप-सायलेन्सरचं काम. वायूबरोबर दाबाची एक लाट पाइपातून धावते. पाइप जिथं रुंदावतो तिथून ओढणारी लाट उलटी फिरते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर काढून नेते. पाइप जिथं पुन्हा आवळतो तिथून ढकलणारी लाट उलटी येते आणि पळून चाललेलं मिश्रण मागे रेटते. हे सगळं भोक झाकलं जायच्या आत व्हायला हवं. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्या तापलेल्या वायूत तो ५०० च्या आसपास धावतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला ५० वेळा पेटतं. म्हणून लांबी महत्त्वाची, शंकूचा उतार महत्त्वाचा, शेवटच्या नळीचं तोंड महत्त्वाचं. जाळी काढून टाकली की आवाज वाढतो आणि कमी वेगावरचं पिकअप जातं. आवाज मोठा म्हणून ताकद जास्त असं वाटतं, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ते उघडं पडतं.

या लाटा ओळखून पाइप घडवणारा मोठा माणूस पूर्व जर्मनीतला, एमझेड कंपनीचा वॉल्टर काडेन. १९५०च्या दशकात त्यानं छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांतून जी ताकद काढली ती पाहून जग चकित झालं. १९६१ मध्ये त्याच्याच संघाचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून पश्चिमेला गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी डेग्नर सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. एका पाइपाच्या आकारासाठी एवढं रामायण घडलं. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना डेग्नरमध्ये काही रस वाटला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या काडेनचा शंकू वळवायला पत्रेवाला कोन व्हता?" मला उत्तर देता आलं नाही. ते कुठं लिहिलेलं नाही.

आमचा शंकू पुठ्ठ्यावर सुरू झाला. पत्र्यातून शंकू करायचा तर आधी तो उलगडून सपाट कसा दिसेल ते काढावं लागतं. शाळेत हे सूत्र असतं: त्रिज्येला तिरकस उंचीनं भागायचं, ३६० नं गुणायचं, तेवढ्या अंशांची पाकळी कापायची. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी खिळा, सुतळी आणि खडू घेतला. तिरकस उंचीएवढी सुतळी धरून कमान मारली, मग सायलेन्सरच्या तोंडाला सुतळी गुंडाळून घेर घेतला आणि तो घेर त्या कमानीवर अंथरला. पाकळी तयार. मी मोबाइलवर अंश काढून ताडून पाहिलं. पाकळी बरोबर होती.

पत्रा १८ गेजचा. १६ गेजचा टिकला असता, पण जड होतो, त्याचा बेंड पाइपच्या जोडावर ताण येतो आणि वळवायला मशीन लागतं. हातानं वळवायचं तर १८. लोखंडी पाइप शिकंज्यात आडवा धरायचा, त्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्यानं कडेपासून आत येत हलक्या हातानं ठोकत जायचं. मधोमध मारलं की पत्र्याला टप्पा पडतो आणि तो पुढे जात नाही. अण्णा मला मारताना बघत नसत. ते पाठमोरे बसून दुसरं काम करत आणि हातोड्याची जागा चुकली की बसल्या जागेवरून म्हणत, "कडंला." एका कानानं ऐकणारा माणूस.

जाळीची भोकं पत्रा सपाट असतानाच पाडायची. गोल झाल्यावर ड्रिल घसरतं. किती भोकं, यालाही हिशेब आहे. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ आतल्या नळीच्या तोंडापेक्षा कमी होता कामा नये, नाहीतर इंजिन गुदमरतं. नळी ३५ मिलिमीटरची धरली तर तोंड साधारण ९६० चौरस मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ विसाच्या आत-बाहेर. म्हणजे पन्नासेक भोकं तरी हवीत. डाव्या जाळीवरची भोकं मोजून पाहिली, कंपनीनंही याच अंदाजानं पाडली होती. मी काचेची लोकर भरायची का असं विचारलं, कारण जनरेटरच्या सायलेन्सरमध्ये ते भरतात हे समोर दिसत होतं. अण्णांनी मान हलवली. टू-स्ट्रोकमध्ये लोकर ऑइल पिते, चिकटते, मग सगळंच तुंबतं. इथं आवाज मारायचा तो पडद्यांनी आणि पोकळ्यांनी: वायूला जागा द्यायची, वळवायचं, पुन्हा जागा द्यायची, थकवून बाहेर सोडायचं.

वेल्डिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. गॅसची ज्योत बारीक. आधी नुसते टाके. एक इकडे, पुढचा समोरच्या बाजूला, मग मधे. ओळीनं मारत गेलं तर पत्रा तापून वळतो. जोड चाकाच्या बाजूला, मध्यापेक्षा वर घेतला, म्हणजे तळाला बसणारं पाणी त्याला लागत नाही. सगळ्यात खालच्या जागी अण्णांनी सुईनं पाडावं तसं एक बारीक भोक पाडायला लावलं; पाणी तिथून गळून जातं. शेवटी दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करून, एकातून हवा भरून, पिंपातल्या पाण्यात बुडवला. दोन ठिकाणी बुडबुडे आले. तिथं पुन्हा टाका, पुन्हा पाणी. बुडबुडे थांबले तेव्हा अण्णांनी ओला सायलेन्सर स्वतःच्या हातात घेतला, बनियनला पुसला आणि पहिल्यांदाच हसले.

त्यावर उष्णता झेलणारा रुपेरी रंग दिला आणि तो गाडीवर चढला.

मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. कायद्याच्या कलम ५२ नं गाडीत मनमानी बदल करायला बंदी घातली आहे. म्हणूनच आम्ही डाव्याचं मापानं माप उचललं, स्वतःचं काही त्यात घातलं नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्या तपासणीत ही गाडी बसली.

मी अण्णांना विचारलं, पैसे घेत नाही तर निदान एक काहीतरी मागा. ते म्हणाले, "घोडबंदरला ने. चाळीस वर्सं ठाण्यात हाय, तो रस्ता गाडीवरनं कदी बगितला न्हाई. टेम्पोतनं माल टाकायला गेलो तेवढाच."

रविवारी पहाटे आम्ही निघालो. मेट्रोचं काम नुकतं सुरू झालेलं. रस्त्याच्या मधोमध पत्र्याचे आडोसे आणि त्यांच्यामागे खांबांच्या सळ्या. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर. दोन्ही बाजूंना इमारती असल्या की गाडीचा आवाज भिंतीवरून परत कानावर येतो, आणि त्यात गाडीचं सगळं खोटं उघडं पडतं. मी कान देऊन होतो. डावा आणि उजवा एकाच ठेक्यात होते. रेस सोडली की येझदीचा तो तुटक, मागे रेंगाळणारा पटपटाट दोन्हीकडून सारखा येत होता. माझ्या इमारतीखालून जाताना मी वर पाहिलं. कोणाच्या खिडकीत दिवा लागला नाही.

कासारवडवलीच्या पुढे इमारती विरळ झाल्या. ओवळ्यानंतर डावीकडे जंगल जवळ येतं. हे सगळं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग, १०० चौरस किलोमीटरहून मोठं, आणि त्यात बिबट्याची वस्ती. या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं आपण कोणाच्या दारातून जातोय हे लक्षात ठेवायला हवं असं मला फार वाटतं. गायमुखला रस्ता वळतो, चढतो, आणि उजव्या हाताला एकदम खाडी उघडते. भरतीचं पाणी काठच्या तिवरांत शिरलेलं, पलीकडे वसईच्या बाजूचे डोंगर धुक्यात. घाटात ट्रकांनी खड्डे केलेले असतात, डांबर ढिगाऱ्यांनी गोळा झालेलं असतं, तिथं वेग असून उपयोग नाही. तिसरा गिअर, निम्मी रेस. दोघं बसलेलो असूनही इंजिन कुठंही धापा टाकत नव्हतं. खालून, पोटातून येणारी ती ओढ मला टाकीवर बसल्या वयापासून माहीत होती. झाडांमधून जाताना आवाज परत येत नाही, जंगल तो पिऊन टाकतं. गाडीचा जेवढा खरा आवाज आहे तेवढाच उरतो. त्यातही कोतवाल पक्ष्याची शीळ मला नीट ऐकू आली.

थोडं पुढे गेल्यावर अण्णांनी खांद्यावर थाप मारली. थांबव.

मी गाडी बाजूला घेतली. चालूच ठेव म्हणाले. मग ते गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांपासून वीतभर अंतरावर दोन तळहात धरले. डोळे मिटले. मला जरा रेस द्यायला सांगितली, सोडायला सांगितली, पुन्हा द्यायला सांगितली. त्यांच्या डाव्या कानावर भरवसा नव्हता, म्हणून ते दोन्ही बाजूंची फुंकर हातावर घेऊन तोलत होते. दोन्ही तळहातांवर सारखी ऊब, सारखा धक्का. हातांवर बारीक काळे ठिपके उठले ते त्यांनी मला दाखवले: डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच.

"जमलं," म्हणाले. उठताना गुडघ्यावर हात टेकला आणि खाडीकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

आम्ही चेन्याची नदी ओलांडून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत गेलो. पोर्तुगिजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. पुढे दोन वर्षांत चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. अरबी घोड्यांचा व्यापार या बंदरातून चाले, म्हणून हे नाव, असं सांगतात. बुरुजावरून अण्णांनी खाडीच्या पुलावरची वाहनांची रांग पाहिली आणि शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला, ओळखपाळख नसताना, सायलेन्सरमध्ये पडदे कसे असतात ते सांगायला सुरुवात केली. पोरगं ऐकत राहिलं. वाटेत फाउंटन हॉटेलजवळच्या टपरीवर चहा घेतला. त्याचे पैसे अण्णांनी दिले, मला खिशात हात घालू दिला नाही.

पुढे तो गाळा मालकानं विकला. अण्णा साताऱ्याकडे परत गेले. भट्टी, शिकंजा आणि कात्र्या त्यांच्याकडे काम करणाऱ्या पोरानं घेतल्या. तो आता अंबरनाथला असतो. लाकडी हातोडा मला दिला. दिवाळीला मी फोन करतो तेव्हा विचारपूस आधी उजव्या सायलेन्सरची होते: तळाचं भोक मोकळं आहे ना, बघत जा. मी बघतो. दर पावसाळ्यानंतर जाळी काढून कीट जाळतो, त्यांनी दाखवलं तसं.

बाबांच्या शेवटच्या महिन्यांत मी खिडक्या बंद करत होतो, कानात कापूस घालत होतो, पोलिसांना फोन लावत होतो. त्या आवाजाविरुद्ध करण्यासारखं माझ्या हातात याहून काही आहे हे मला माहीत नव्हतं. अण्णांनी ते हातात दिलं. बाबांची गाडी आज वाघबीळच्या त्याच खिडकीखालून जाते आणि वरच्या मजल्यावर आजारी असलेल्या कोणाची झोप मोडत नाही. एवढं मोठं काम मी माझ्या नोकरीत आजवर केलेलं नाही, आणि ते मी एकट्यानं कधीही केलं नसतं.

अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडले, त्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. कारवाई योग्यच आहे. पण ती पाहताना मला त्या पत्र्याचंही वाईट वाटतं, कारण तोही कोणीतरी कडेपासून ठोकत वळवलेला असतो, आणि तेच हात अण्णांसारख्याच्या हाताखाली आले असते तर त्यातून वेगळं काही घडलं असतं.

म्हणून घोडबंदर रोडवरून रात्री गाडी काढणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. जुनी गाडी असेल, सायलेन्सर कुजला असेल, सुटा भाग मिळत नसेल, तर खुला पाइप मारू नका. ठाण्यात, अंबरनाथला, उल्हासनगरला अजून पत्रेवाले आहेत. चांगल्या बाजूचा नमुना घेऊन त्यांच्याकडे जा आणि शेजारी बसून बघा. नवी गाडी असेल आणि हौसेनं कंपनीचा सायलेन्सर उतरवला असेल, तर तो घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली पडलेला असणार. तो शोधा. धूळ पुसा, आत कीट असेल तर काढा, गॅस्केट नवी घाला आणि परत बसवा. दोन-तीन बोल्टचं काम आहे, अर्ध्या तासात होतं.